बंदुकीवरचें नांव आणि बंदुकीमागचे हात

महाराष्ट्रांतील जुन्या शस्त्रागारांत ‘फिरंग’ म्हणून जी लांब, सरळ तलवार आढळते, तिचें नांवच तिचा अर्धा इतिहास सांगतें. तिचें पातें बहुधा युरोपांतून समुद्रमार्गानें आलेलें, आणि मूठ मात्र एतद्देशीय कारागिराच्या हातची. ज्या वीराच्या कमरेस ती लटकली त्याचें नांव बखरींत आलें. ज्यानें मूठ बसविली त्याचें कोठेंहि आलें नाहीं. आणि ज्यानें पातें घडविलें त्याची एखादी पुसट खूण पात्यावर राहिली असलीच, तर ती खरी कीं बनावट हा प्रश्न उरतो. कारण नामांकित घडणावळीच्या खुणा दुसऱ्यांनीं आपल्या पात्यांवर ठोकून देण्याची चाल त्या काळच्या युरोपांत सर्रास होती. एका शस्त्रांत अनेक हात, आणि कधीं कधीं अनेक देश, असे एकजीव झालेले असतात.

बंदुकीच्या बाबतींत हा प्रकार याहूनहि पुष्कळ पुढें गेला आहे. एखाद्या पदार्थसंग्रहालयांत किंवा एखाद्या संस्थानिकाच्या वाड्यांत टांगलेली विलायती रायफल आपण पाहतों. नळीवर लंडनच्या एखाद्या प्रख्यात पेढीचें नांव सुबक अक्षरांनीं कोरलेलें असतें, आणि ही सबंध वस्तु त्याच पेढीच्या भट्टींत व त्याच पेढीच्या ऐरणीवर जन्मास आली असें आपण न विचारतांच गृहीत धरतों. हें गृहीत बहुतेक वेळां चुकीचें असतें. नळी एका गांवची, कळ दुसऱ्या गांवची, दस्त्याचें लांकूड तिसऱ्या देशाचें, आणि नांव मात्र एकट्याचें, अशीच बंदुकीच्या धंद्याची रीत गेल्या तीनशें वर्षांत राहिली आहे. ह्या लेखांत त्या रीतीचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे. हा इतिहास केवळ कारखानदारीचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. वस्तूवर नांव घालणें म्हणजे काय, आणि ती वस्तु प्राण घेण्याचें साधन असेल तर तिच्या परिणामाची जबाबदारी इतक्या हातांमध्यें कशी वांटली जाते, हा प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे.

ह्या रीतीचें माहेरघर म्हणजे इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहर. तेथें सेंट मेरीच्या देवळाभोंवतीं, स्टीलहाउस लेन, व्हिटॉल स्ट्रीट, लव्हडे स्ट्रीट अशा कांहीं गल्ल्यांत, बंदूकवाल्यांची एक स्वतंत्र पेठच वसली होती. ह्या पेठेंतील ‘कारखानदार’ म्हणविणाऱ्या गृहस्थाचा कारखाना पाहावयास कोणी गेला असता तर त्याची निराशाच झाली असती. त्याच्यापाशीं भट्टी नव्हती, यंत्र नव्हतें. होती ती एक वखार आणि एक हिशेबाची वही. नळी सांधणारा, भोंक पाडणारा, ती घांसणारा, तिचें बूड बसविणारा, हे सारे निरनिराळे धंदेवाले होते. घोडा, चाप व कमानी मिळून ठिणगी पाडणारी जी रचना होते, तिला आपण येथें सोयीसाठीं कळ म्हणूं. ती घडविणारा वेगळा आणि कानशीनें जुळविणारा वेगळा. दस्ता कोरणारा, गज करणारा, संगीन करणारा, पितळी साज ओतणारा, नेमाची माशी बसविणारा, नक्षी कोरणारा, नळीवर तपकिरी रंग चढविणारा, आणि अखेर सर्व भाग एकत्र स्क्रूनें आवळणारा, अशी ही परंपरा तीस-चाळीस हातांपर्यंत जाई. वखारवाला एकाकडून अर्धवट झालेला भाग विकत घेई व दुसऱ्याकडे पुढच्या कामास पाठवी. अर्धी घडलेली बंदूक खांद्यावर किंवा टोपलींत टाकून पोरें ह्या गल्लींतून त्या गल्लींत दिवसभर ये-जा करीत. कळीचें काम तर शहरांतहि होत नसे; तें डार्लस्टन, वेन्सबरी ह्या जवळच्या गांवांत लोक आपल्या घरालगतच्या छपरांत बसून करीत. तोच कळवाला आज एका वखारीचें काम करी आणि उद्यां तिच्या प्रतिस्पर्ध्याचें. बाजारांत ज्या दोन नांवांची चढाओढ चाले, त्या दोहोंच्या मागें हात एकच असे.

ह्या विखुरलेल्या व्यवस्थेचें सामर्थ्य नेपोलियनबरोबरच्या युद्धांत दिसून आलें. १८०४ पासून १८१५ पर्यंत बर्मिंगहॅमनें ब्रिटिश सरकारास १७ लाखांवर संपूर्ण बंदुका दिल्या. शिवाय ३० लाखांवर नळ्या आणि २८ लाखांवर कळी नुसत्या सुट्या स्वरूपांत लंडनकडे जोडणीसाठीं रवाना केल्या. लंडनच्या टॉवर ह्या किल्ल्यांत सरकारी शस्त्रखात्याचें कोठार होतें. तेथें हे भाग तपासून घेत आणि तेथूनच जोडणाऱ्यांस देत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सरकारी बंदुकांच्या कळीवरून मक्तेदाराचें नांव काढून टाकण्यांत आलें आणि त्या जागीं राजमुकुटाखालीं ‘टॉवर’ एवढाच शब्द कोरला जाऊं लागला. ईस्ट इंडिया कंपनीसाठीं ठरलेला स्वस्त व सुटसुटीत नमुना, ज्याला पुढें ‘इंडिया पॅटर्न’ हें नांव पडलें, तो युद्धाच्या घाईंत खुद्द ब्रिटिश सैन्यानेंहि उचलला, आणि अशा बंदुका लाखोंनीं निघाल्या. त्यांवरील ‘टॉवर’ हा शब्द घडविणाराचें नांव नव्हे. तो तपासणाराचा शिक्का आहे. हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे, कारण पुढील सर्व इतिहास ह्या भेदाभोंवतींच फिरतो.

सैन्याच्या ठोक मालाची ही गोष्ट झाली. श्रीमंतांच्या शिकारी बंदुकांचें काय? तेथेंहि स्थिति फारशी निराळी नव्हती. लंडनच्या उत्तमोत्तम पेढ्यांच्या बंदुकांतील कळ उलटून पाहिली तर आंतल्या बाजूस पुष्कळदां वुल्व्हरहॅम्प्टनच्या जोसेफ ब्रेझिअरसारख्या कळवाल्याचीं आद्याक्षरें सांपडतात. इंग्लंडच्या गांवोगांवच्या दुकानदारांचीं नांवें धारण करणाऱ्या असंख्य बंदुका बर्मिंगहॅमांतून तयारच येत, आणि दुकानदार त्यांवर आपलें नांव घाली. बेल्जममधील लिएझ शहराच्या आसपास लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून ज्या लहरदार नळ्या करीत, त्याहि इंग्रजी बंदुकांवर चढत.

तथापि हें सर्व फसवणुकीचेंच होतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. चांगल्या पेढीचें खरें काम घडविणें हें नसून निवडणें, नाकारणें आणि जुळविणें हें होतें. दहा कळींतून एक पसंत करावयाची, ती दस्त्यांत केसाचीहि फट न राहतां बसवावयाची, नळीचा नेम पारखावयाचा, आणि विकलेल्या बंदुकींत दोष निघाला तर ती परत घ्यावयाची, हें ओझें नांव घालणाराच्या शिरावर असे. आपल्याकडील नांवाजलेला सराफ प्रत्येक दागिना स्वतः घडवीत नाहीं. परंतु सोन्याच्या कसाबद्दल गिऱ्हाईक सोनाराला नव्हे, सराफालाच विचारतें. तसाच हा प्रकार होता.

पण नांवावर सर्वस्वीं विसंबून राहणें धोक्याचें, हेंहि त्या समाजानें ओळखलें होतें. कच्ची नळी फुटली तर बंदूक डागणाराचाच हात जातो. म्हणून नळींत नेहमींपेक्षां पुष्कळ जास्त दारू ठासून बार काढावयाचा, आणि ती टिकली तरच तिच्यावर शिक्का मारावयाचा, अशी पद्धत पडली. लंडनच्या बंदूकवाल्यांच्या संघास १६३७ मध्यें राजाची सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें स्थापन झालें. दोहोंचे शिक्के निरनिराळे असल्यामुळें जाणता मनुष्य वरचें नांव न वाचतां खालचा शिक्का वाचतो, आणि नळी कोणत्या शहरांत पारखली गेली तें ओळखतो. ह्याच सुमारास आणखी एक खटपट झाली. प्रत्येक बंदुकीवर ती करणाराचें खरें नांव व ठिकाण घातलेंच पाहिजे, असा कायदा व्हावा म्हणून लंडनच्या धंदेवाल्यांनीं उचल केली. बर्मिंगहॅमनें तिला कसून विरोध केला, आणि ती बारगळली. ज्या शहराचा माल दुसऱ्यांच्या नांवानें विकला जात होता, तेंच शहर आपलें नांव झांकलेलें राहावें म्हणून भांडलें, हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटतें. परंतु तीस-चाळीस हातांपैकीं ‘करणारा’ कोणाला म्हणावयाचें हा पेंच खरोखरच सुटण्यासारखा नव्हता, आणि त्याच्या न सुटण्यांतच धंद्याची सोय होती.

हाच पेंच नीतीच्या क्षेत्रांत उभा राहिला तेव्हां काय झालें, तें सॅम्युएल गॅल्टन ह्याच्या प्रकरणांत दिसतें. बर्मिंगहॅमचें गॅल्टन घराणें क्वेकर पंथाचें. हा पंथ युद्धास सर्वथैव निषिद्ध मानणारा, आणि ह्या घराण्याचा पिढीजाद धंदा मात्र बंदुकांचा. ह्या बंदुका ब्रिटिश सैन्याकडे जात, त्याचप्रमाणें आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या मोबदल्यांतहि जात. १७९५ मध्यें पंथानें ह्याबद्दल पितापुत्रांस जाब विचारला. वृद्ध पित्यानें धंद्यांतून अंग काढून घेतलें. पण पुत्रानें, जो स्वतः विज्ञानाचा व्यासंगी व विद्वज्जनांचा स्नेही होता, १७९६ मध्यें छापील निवेदन करून आपली बाजू मांडली. त्याच्या म्हणण्याचा आशय असा कीं, धान्य पिकविणारा शेतकरी व त्यापासून मद्य गाळणारा हे जर मद्यप्याच्या दुराचारास जबाबदार नाहींत, तर शस्त्राच्या दुरुपयोगास शस्त्र करणारा जबाबदार कसा? आणि कर भरून युद्धाचा खर्च चालविणारे, गुलामांच्या श्रमाची साखर व कापूस वापरणारे पंथबंधु तरी ह्या पापापासून अलिप्त कोठें आहेत? पंथानें हा युक्तिवाद मानला नाहीं व त्यास बहिष्कृत केलें. परंतु त्याच्या प्रश्नाचें उत्तर बहिष्कारानें मिळालें, असेंहि म्हणवत नाहीं.

आमच्या मतें गॅल्टनच्या युक्तिवादांत अर्धें सत्य आहे, आणि अर्ध्या सत्याचा मोह मोठा असतो. सर्वच थोडेथोडे गुंतलेले आहेत ही गोष्ट खरी. पण म्हणून कोणीच गुंतलेला नाहीं, असा निष्कर्ष तींतून निघत नाहीं. डार्लस्टनच्या छपरांत कमानीस कानस लावणाऱ्या मजुरास ती कमान कोठें जाणार हें ठाऊक असेलच असें नाहीं. मागणी घेणारा, माल जोडणारा व जहाजावर चढविणारा गॅल्टन मात्र तें पुरेपूर जाणत होता. जबाबदारी हातांच्या संख्येनें भागली जात नाहीं. ती ज्ञानाच्या व अधिकाराच्या मागें जाते.

आतां पुढच्या पर्वाकडे वळूं. जुन्या पद्धतींत एक मोठें वैगुण्य होतें. प्रत्येक भाग हातानें घासून जुळविलेला असल्यामुळें एका बंदुकीची कमान दुसरींत बसत नसे. रणांगणावर एक स्क्रू हरवला तरी कारागिराची वाट पाहावी लागे. फ्रान्समध्यें ओनोरे ब्लाँ ह्या कारागिरानें १७८५ च्या सुमारास अदलाबदल करतां येतील अशा कळी करून दाखविल्या. थॉमस जेफरसन तेव्हां तेथें अमेरिकेचा वकील होता, त्यानें त्या स्वहस्तें जोडून पाहिल्या व ती वार्ता मायदेशीं कळविली. ही कल्पना पुढें अमेरिकेच्या सरकारी शस्त्रशाळांत मापकांच्या व यंत्रांच्या साहाय्यानें सिद्धीस गेली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत व्हर्माँट प्रांतांतील रॉबिन्स आणि लॉरेन्स ह्या कंपनीनें अशा सहा रायफली मांडल्या, तेव्हां इंग्रजांचे डोळे उघडले. १८५४ मध्यें ब्रिटिश अधिकाऱ्यांचें एक मंडळ अमेरिकेस गेलें. स्प्रिंगफील्ड येथील शस्त्रशाळेंत त्यांनीं १८४४ ते १८५३ ह्या दहा वर्षांतील प्रत्येक वर्षाची एक, अशा दहा बंदुका निवडल्या, त्या सुट्या करविल्या, सर्व भाग एकत्र मिसळले, आणि मग एका कामगारास हाताला लागेल तो भाग उचलून बंदूक जोडावयास सांगितलें. त्यानें केवळ स्क्रू पिळण्याच्या हत्यारानें दहाहि बंदुका पुन्हां उभ्या केल्या. कानशीचें राज्य संपल्याची ती घोषणाच होती.

त्यानंतर अमेरिकन यंत्रें मागवून लंडनजवळच्या एन्फील्ड येथील सरकारी कारखान्याची पुनर्रचना झाली. येथेंहि नांवाची गंमत आहे. १८५३ च्या नमुन्याच्या ज्या रायफलीच्या काडतुसांनीं १८५७ मध्यें हिंदुस्थानांत वणवा पेटविला, ती ‘एन्फील्ड’ म्हणून इतिहासांत प्रसिद्ध झाली. परंतु हीं नवीं यंत्रें पूर्ण वेगानें चालूं लागण्यापूर्वींच ह्या नमुन्याच्या रायफली मोठ्या संख्येनें बर्मिंगहॅम व लंडन येथील धंदेवाल्यांकडून करवून घेतलेल्या होत्या. एन्फील्ड हें येथें करणाराचें नांव नव्हतें. तें नमुन्याचें नांव होतें.

बर्मिंगहॅमच्या धंदेवाल्यांनीं काळाची पावलें ओळखून १८६१ मध्यें एकत्र येऊन यंत्रांनीं काम करणारी ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ ही कंपनी काढली. तिचीं आद्याक्षरें म्हणजेच आपल्या परिचयाची ‘बी. एस. ए.’, सायकलीवरील तीन बंदुकांची खूण तिचीच. बंदुकांची मागणी मंदावली तेव्हां तींच यंत्रें सायकलीचे भाग करूं लागलीं, आणि ते भागहि दुसऱ्यांच्या सायकलींवर चढले. ह्याहून नवलाची हकीकत ‘रॉयल एन्फील्ड’ची. रेडिच गांवच्या एका सायकलवाल्या कारखान्यास १८९० नंतरच्या दशकांत एन्फील्डच्या सरकारी शस्त्रशाळेस रायफलीचे सुटे भाग पुरविण्याचा मक्ता मिळाला. त्या मानाच्या स्मरणार्थ त्यानें आपल्या मालास ‘एन्फील्ड’ हें नांव घेतलें व पुढें त्यास ‘रॉयल’ जोडलें. जी मोटारसायकल १९५५ पासून मद्रासेस बनूं लागली, आणि आज जिचा आवाज पुण्याच्या रस्त्यांवर ऐकूं येतो, तिचें नांव अशा रीतीनें एका पोटमक्त्याची आठवण आहे. शस्त्राचा भाग करणारा बहुधा अनामिक राहतो. येथें त्यानेंच शस्त्राचें नांव पळवून नेलें.

विसाव्या शतकांत यंत्रयुगानें जुनी रीत मोडली नाहीं; उलट तिला जागतिक स्वरूप दिलें. जर्मनींतील ओबेर्नडॉर्फच्या माउझर कंपनीची बोल्टची रचना, विशेषतः १८९८ चा नमुना, इतकी भक्कम ठरली कीं रायफलीचें हें धड विकत घेऊन त्यावर आपली नळी, आपला दस्ता व आपलें नांव चढविणें हाच पुष्कळ प्रतिष्ठित पेढ्यांचा परिपाठ झाला. बेल्जमची ‘फाब्रिक नासियोनाल’ ही कंपनी तर १८८९ मध्यें लिएझजवळ जन्मली तीच मुळीं आपल्या सरकारास १ लाख ५० हजार माउझर रायफली पुरविण्यासाठीं. लंडनच्या रिग्बी पेढीनें माउझरशीं संधान बांधलें, आणि जर्मन ७ मिलिमीटरच्या काडतुसास ‘२७५ रिग्बी’ असें इंग्रजी मापाचें नांव दिलें. हीच ती जिम कॉर्बेटची रायफल. ४३६ माणसांचा बळी घेणारी चंपावतची वाघीण त्यानें १९०७ मध्यें मारली, तेव्हां संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरानें ती त्यास बक्षीस दिली. कुमाऊंच्या रानांत वाजलेली ही ‘इंग्रजी’ रायफल मनानें जर्मन होती. पुढें १९१४ मध्यें दोन्ही राष्ट्रें एकमेकांवर उठलीं, तेव्हां हें नातें कोणास आठवलें असेल?

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें हा प्रकार पराकोटीस नेला. १९४१ मध्यें स्वीकारलेली ‘एम-१ कार्बाइन’ ही हलकी बंदूक ६० लाखांहून अधिक संख्येनें निघाली, आणि ती करणारांत बंदूकवाला असा विंचेस्टरच काय तो होता. बाकीच्यांत अंडरवूड ही टंकयंत्रें करणारी कंपनी, रॉक-ओला ही नाणें टाकून गाणें वाजविणारीं यंत्रें करणारी कंपनी, जनरल मोटर्सचे विभाग आणि हिशेबयंत्रांची आय. बी. एम. अशीं नांवें होतीं. क्वालिटी हार्डवेअर ही कंपनी तर केवळ बंदुकीचें धड करी; इतर सर्व भाग बाहेरून येत. ज्याला जो भाग कमी पडे तो दुसऱ्याकडून पुरविला जाई, आणि प्रत्येक भागावर तो करणाराची सांकेतिक अक्षरें असत. बर्मिंगहॅमच्या गल्लींतील टोपली आतां आगगाडीच्या डब्यांतून फिरत होती, एवढाच फरक.

युद्धोत्तर काळीं सिअर्स ह्या अमेरिकन दुकानाच्या यादींत ‘जे. सी. हिगिन्स’ नांवाची रायफल मिळे. तिचें धड बेल्जमच्या फाब्रिक नासियोनालचें आणि नळी हाय स्टँडर्ड कंपनीची. आजहि तोच क्रम चालू आहे. यूजीन स्टोनरनें आरमालाइट कंपनींत आंखलेल्या ‘ए. आर. १५’ ह्या रायफलीचे हक्क कोल्टनें १९५९ मध्यें घेतले. मूळ पेटंटांची मुदत १९७७ मध्यें संपल्यावर कोणीहि ती करूं लागला. तिच्या ॲल्युमिनियमच्या धडाचे कच्चे घडीव तुकडे मोजक्याच भट्ट्यांतून निघतात व अनेक नांवांच्या कंपन्यांकडे जातात. तुकड्यावर राहिलेली भट्टीची बारीकशी खूण पाहून जाणते लोक त्याचें मूळ ओळखतात. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानें मात्र एक गोष्ट ठरवून टाकली आहे. रायफलीच्या सर्व भागांत कायद्याच्या दृष्टीनें ‘बंदूक’ म्हणजे तें धडच. करणाराचें नांव व अनुक्रमांक त्यावरच हवा. नळी, दस्ता, चाप हे नुसते सुटे भाग. १८१३ च्या सुमारास बर्मिंगहॅमनें जो प्रश्न सोडवूं दिला नाहीं, त्याचें हें एक कायदेशीर उत्तर आहे: हात कितीहि असोत, एका ठिकाणीं एक नांव पाहिजे, आणि त्या नांवानें उत्तर दिलें पाहिजे.

एवढ्या विवेचनावरून वाचकांनीं नांवें सर्व खोटीं असतात असा ग्रह करून घेऊं नये. आम्हांस त्यांतून दोन गोष्टी दिसतात. एक, ज्याला आपण एकाची कृति म्हणतों ती बहुधा अनेकांची असते, आणि त्यांतील पुष्कळांचीं नांवें कळीच्या आंतल्या बाजूस, जेथें कोणी पाहत नाहीं तेथें, कोरलेलीं असतात. त्यांचें ऋण मान्य करणें हें इतिहासलेखकाचें काम आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, नांवाचा खरा अर्थ ‘हें मीं केलें’ असा नसून ‘ह्याबद्दल मला विचारा’ असा आहे. परीक्षागृहाच्या शिक्क्यांत तो अर्थ होता, आणि चांगल्या पेढीच्या सहींतहि होता. गॅल्टननें विक्रीपुरतें आपलें नांव चालविलें. पण जाब विचारण्याची वेळ आली तेव्हां मात्र त्यानें शेतकऱ्यापासून साखर खाणारापर्यंत साऱ्यांचे हात पुढें केले. त्या निवेदनाच्या प्रती आजहि वाचावयास मिळतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ज्यांच्या मोबदल्यांत त्या बंदुका उतरल्या, त्यांचीं नांवें मात्र कोणत्याहि भागावर कोरलेलीं नाहींत.